उभा पाठ केलेला शब्द

‘वाच्’ हा शब्द मी पाढ्यासारखा पाठ केला, चूक तिथेच झाली.

पेठ तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत संस्कृत नव्हतं आणि घरात दहावीपुढे कुणी गेलेलं नाही. नाशिकला कॉलेजात आल्यावर मी जुनं पुस्तक घेतलं आणि शब्दाची रूपं एकटीनेच पाठ केली. पाढा वरून खाली म्हणतात, म्हणून हेही तसंच म्हटलं. वाक्, वाचम्, वाचा, वाचे... आधी एकवचनाचा पूर्ण रकाना, मग पुढचा.

तिसऱ्या वर्षाला संस्कृत हा मुख्य विषय घ्यायचा तर फॉर्मवर विभागातल्या सरांची सही लागत होती. शनिवार शेवटचा दिवस होता. गुरुवारी सर वर्गातच म्हणाले, “वाच् चालव.” मी रूपं उभी, वरून खाली म्हणू लागले. मागून हसू आलं. सरांनी थांबवून आडवं म्हणायला सांगितलं : वाक्, वाचौ, वाचः. दुसऱ्या ओळीवरच मी अडकले.

मग त्यांनी अर्थ विचारला. तो मला मनापासून आवडला होता. वाणी, बोलणं, भाषा, वाणीची देवी. घाईघाईने मी हेही सांगितलं की कोशात पशुपक्ष्यांचा आवाजही ‘वाच्’च आहे.

“मग तुमची बोलीही बसेल त्यात,” सर म्हणाले. “तुमच्याकडे नाय, हाय एवढ्यावर भागतं. संस्कृत कशाला?”

वर्ग हसला. फॉर्म त्यांनी सहीशिवाय परत दिला. ‘तुमच्याकडे’ म्हणजे माझी आई, आजोबा, सगळे. मला राग आला, पण मी फॉर्म घडी घालून वहीत ठेवला आणि जागेवर बसले. बहुधा याचाच राग जास्त होता.

दोन दिवस हॉस्टेलच्या गच्चीवर मी आडवं घोकलं. मध्येच जीभ खाली उतरायची, मग पहिल्यापासून. शनिवारी स्टाफरूममध्ये जाऊन चोवीस रूपं न थांबता म्हटली. सरांनी चूक निघते का म्हणून शेवटच्या ‘हे वाचः’पर्यंत वाट पाहिली. मग सही केली आणि फॉर्म सरकवत म्हणाले, “उच्चारात पेठ तसंच आहे.”

“हाय सर,” मी म्हणाले. “ते जायाचं नाय.”

सही झाली की सरांच्या पाया पडायची आमच्या विभागात पद्धत आहे. माझ्या आधीची मुलगी वाकली होती. मी फॉर्म उचलला आणि बाहेर आले. हे बरोबर केलं का, मला अजून ठरवता येत नाही. पण आजही मी वाकणार नाही.