थोरलीचं मॉरिशस

जगदाळे डॉक्टरांच्या घरात माणसं तीन, पण राहतात चौघं, असं इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमधले शेजारी म्हणत. हे पहिल्यांदा म्हणाली ती भिंतीला भिंत लावून राहणारी सारा. डॉक्टरांची गाडी दारात नसायची, मुलगी शाळेत गेलेली असायची, आणि तरी पलीकडून डॉक्टरांच्या बायकोचा, वरदाचा, आवाज येत राहायचा. मध्येच तो थांबायचा, कोणाचं तरी ऐकून घेतल्यासारखा, आणि पुन्हा सुरू व्हायचा. साराला वाटलं, फोन असेल. मग एका वादळात साऱ्या गल्लीचे फोन बंद पडले. आवाज तेव्हाही चालूच होता.

महाराष्ट्र मंडळातल्या बायकांचं बोलणं निराळं असे. "वरदाचं काय बाई! आयता नवरा, आयती लेक, आयता संसार. नुसतं येऊन बसायचं होतं."

दोन्ही गोष्टी वरदाच्या कानावर आल्या होत्या. उत्तर तिने एकीलाही दिलं नव्हतं. बोलत ती खरोखरच होती, आणि आयत्या संसाराबद्दल बोलायचं, तर तो ज्या बाईचा होता ती अजून तिथेच होती.

वरदा कऱ्हाडच्या पुढची, कोयनेकाठच्या गावातली. बी. ए. झाली त्या वर्षी स्थळ आलं: मुलगा इंग्लंडात डॉक्टर, पहिली बायको वारलेली, पदरात तीन वर्षांची मुलगी. लग्न लागलं, आणि वरदा उंबरा ओलांडून आत आली तशी सासूने तिच्या तळहातावर एक चांदीचा टाक ठेवला. नखाएवढा पातळ पत्रा, त्यावर ठोकलेली एका बाईची आकृती. डोळे, कुंकू आणि जोडलेले हात, एवढंच काय ते दिसत होतं.

"ही अनुराधा. तुझी थोरली," सासू म्हणाली. "नवं लुगडं आधी हिला दाखवायचं, मग अंगाला लावायचं. पहिला घास हिचा. हिला विसरलीस, तर तुला सुखाने नांदू द्यायची नाही."

वरदाने टाक रुमालात बांधून विमानातून आणला आणि ब्रॅकनेलच्या घरात, स्वयंपाकघरातल्या कोपऱ्यात, देवाच्या फळीवर ठेवला. या घरात अनुराधा कधी राहिली नव्हती. ती गेली हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून, मदत यायच्या आत. लग्नाचा पाचवा वाढदिवस मॉरिशसला साजरा करायचा बेत होता. बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या. हे घर डॉक्टरांनी, अंबरीशने, नंतर घेतलं. तरीही जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर वरदाला कोणीतरी बाजूला सरून वाट देतंय असं वाटे. इस्त्री करताना मानेवर श्वास लागे. एकदा तिने मरून रंगाचा नवा कोट टाकाला न दाखवताच घातला आणि बाजारात गेली. परत आली तर सिंकचा नळ धो धो वाहत होता. वॉशर गेला होता, प्लंबरने तो बदललाही. वरदाने मात्र त्या संध्याकाळी कोट फळीसमोर धरला आणि म्हणाली, "घ्या. चुकलं माझं."

तिथून ती बोलायला लागली. सुरुवातीला माफीपुरतंच. मग आश्लेषाचा ताप, तिचे दात, तिची पहिली पाळी. ही तुमची लेक, तुम्हाला कळायला हवं, म्हणून. पुढे पुढे भाजी काय करायची तेही. पितृपक्षात अविधवा नवमीला ती साग्रसंगीत स्वयंपाक करी आणि गल्लीच्या टोकाच्या वैजयंतीताईंना सवाष्ण म्हणून जेवायला बोलावी. त्या दिवशी डॉक्टरांची ड्यूटी हटकून लागलेली असे. एरवीही अंबरीश त्या कोपऱ्याकडे पाठ करून चहा पीत असे. मॉरिशस हा शब्द त्याने कधी उच्चारला नाही. टीव्हीवर जाहिरात लागली की तो पाणी प्यायला उठे.

गेल्या वर्षी तो निवृत्त झाला आणि पहिल्यांदाच दिवसच्या दिवस घरात राहू लागला.

"वरदा, वर कोणी आहे का?"

"कोण असणार? बॉयलर असेल."

"चालल्यासारखं वाटलं."

"असू दे. चालून चालून थांबेल," वरदा म्हणाली आणि कणीक मळत राहिली. तिला त्याची कीव आली, आणि थोडी गंमतही वाटली. इतकी वर्षं जिच्यापाशी त्याने वरदाला एकटं सोडलं होतं, ती आता त्यालाही भेटत होती.

त्याच सुमारास एडिनबराहून आश्लेषा आली. लग्नाचा तिसावा वाढदिवस जवळ आला होता आणि तिने ठरवलंच होतं, आईबाबांना कुठल्यातरी उबदार बेटावर पाठवायचं. रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून ती एकेक चित्र दाखवू लागली. बाहेर फेब्रुवारीचं करडं आभाळ, आणि पडद्यावर डोळे दिपवणारं निळं पाणी.

"मालदीव्ज बघ ना बाबा. पाण्यावरच रूम असते."

"खाली पाणी डुचमळत असताना झोप कशी लागायची?"

"बार्बेडोस?"

"फार लांब."

"बाबा, यू आर इम्पॉसिबल! आई, तू सांग. तुला कुठलं बेट आवडलं?"

वरदाने सेशेल्सच्या चित्रावर बोट ठेवलं. उथळ पाण्यात मोठमोठे गुळगुळीत खडक बसले होते, म्हशी डुंबत असाव्यात तसे. कोयनेच्या डोहात अगदी असेच होते. पाठीला वाळलेला भोपळा बांधून ती लहानपणी तिथे पोहायला शिकली होती, आणि भोपळा सुटल्यावर बुडाली नाही म्हणून साऱ्या पोरांत मिरवली होती. ब्रॅकनेलच्या तरणतलावात ती दर मंगळवारी पोहायला जायची, पण ते पाणी क्लोरीनचं आणि चौकोनी. या पाण्यात जायचंय, असं तिला इतक्या जोराने वाटलं की तिचं तिलाच नवल वाटलं. गेल्या कित्येक वर्षांत तिने स्वतःसाठी असं काही मागितलंच नव्हतं.

"हे," ती म्हणाली. "मला इथे जायचंय."

अंबरीश खिडकीबाहेर बघत होता. "मॉरिशस बघ," तो म्हणाला.

वरदाचं बोट पडद्यावरच राहिलं. स्वयंपाकघर एकाएकी गार झालं, आश्लेषानेसुद्धा कार्डिगन ओढून घेतलं आणि म्हणाली, "हीटिंग गेलं का? बरं, मॉरिशस. गुड चॉइस, बाबा!" त्या जुन्या बेताचं तिला काही ठाऊक नव्हतं. तिला कोणी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी वरदा वैजयंतीताईंकडे गेली. अनुराधाला ओळखणारी तेवढी एकच बाई गावात उरली होती.

"मॉरिशस?" वैजयंतीताईंनी हातातला कप खाली ठेवला. "परत?"

"त्यांना वाटतं, तिची इच्छा अपुरी राहिली."

"तिची कसली इच्छा ग? तिला पाण्याची धास्ती होती. आम्ही सगळे बोर्नमथला गेलो होतो, तर ही समुद्राकडे पाठ करून गाडीतच बसून राहिली. तिला माहेरी जायचं होतं, आईला पोर दाखवायला. आणि याने परस्पर तिकिटं काढली, सरप्राइज म्हणून. माझ्याकडे येऊन रडली होती. म्हणाली, ताई, एकदा विचारायचं तरी."

"हे तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुझ्याच घरी सवाष्ण म्हणून जेवायला यायचं, आणि तिचं रडणं तुला कुठे सांगायचं?"

परतताना रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आपल्या पावलांच्या अर्धं पाऊल मागे आणखी पावलं वाजताहेत, असं वरदाला वाटत राहिलं. ती वळली नाही. भीती म्हणून नव्हे; बरोबर चालणाऱ्या बाईकडे कोणी वळून वळून बघत नाही.

घरी आल्यावर तिने कोट काढला आणि फळीसमोर उभी राहिली. इतकी वर्षं बोलायची ती एकटी. आज तिला पहिल्यांदाच विचारावंसं वाटलं की बाई, तुम्हाला काय हवं होतं? पण टाकावरचे हात जोडलेलेच होते, आणि उत्तर तर तिला मघाशीच मिळालं होतं.

शुक्रवारी आश्लेषाचा फोन आला. तिने तो स्पीकरवर टाकायला लावला. "मॉरिशसचं होल्ड करून ठेवलंय, आज कन्फर्म करायचंय. बाबा, ओके ना?"

"एक मिनिट थांब," अंबरीश म्हणाला. तो उठला, आणि वरदाच्या आठवणीत पहिल्यांदाच देवाच्या फळीकडे तोंड करून उभा राहिला. जवळ मात्र गेला नाही. जमिनीवर जणू रेघ मारलेली होती, तिच्या अलीकडेच थांबला.

"मी ठरवलंय," तो हळू म्हणाला. "हा टाक आपण बरोबर नेऊ. तिथल्या समुद्रात सोडू. तिला समुद्र बघायचा होता, तो राहून गेला. ती मोकळी होईल. आणि मग या घरात..." त्याने जिन्याकडे पाहिलं. "तुलाही सुटका मिळेल, वरदा. तुझ्यासाठीच करतोय मी हे."

"बाबा? कोण मोकळी होईल?" फोनमधून आश्लेषा म्हणाली. "कुठली गोष्ट सोडायची?"



"कोण सोडणार?" वरदाने विचारलं.

"तूच सोड. इतकी वर्षं तूच तर बघितलंस सगळं. मला..." त्याचा हात वर आला आणि तसाच खाली गेला. "मला हात लावणं जमणार नाही. तू नीट रुमालात बांधून घे."

वरदाने फळीकडे पाहिलं. समुद्राकडे पाठ करून गाडीत बसलेली एक बाई तिला दिसली, आणि मग वाटलं, हिला खोल पाण्यात ढकलायचं कामही शेवटी माझ्याकडेच. तिसाव्या वाढदिवसाला.

"अहो, तिला पाण्याची भीती वाटायची," ती म्हणाली. "समुद्र तुम्हाला बघायचा होता. तिला माहेरी जायचं होतं."

अंबरीशचा चेहरा पांढरा पडला. ते त्याला नवीन नव्हतं, हे वरदाला त्याच क्षणी कळलं. वर, जिन्यावर, लाकूड करकरलं, आणि या वेळी त्या आवाजाला दोघांपैकी कोणीही बॉयलर म्हटलं नाही.

"हॅलो? आई?" आश्लेषाचा आवाज घाबरलेला होता. "मी काय करू? कॅन्सल करू का सगळं?"

"आश्लेषा, थांब जरा. तुला सगळं सांगते मी, आजच सांगते," वरदा म्हणाली.

अंबरीश खुर्चीत बसला. त्याने दोन्ही हात टेबलावर ठेवले. मग मान वर न करता म्हणाला, "म्हणजे आता जायचंच नाही, असं म्हणतेस?"

"मी जाणार आहे, सेशेल्सला, एकटी. तुम्ही घरी राहा आणि तिच्यापाशी बसा. तीस वर्षं मी बसले."