चालत्या ऑटोतला मंत्र

आईला धानाच्या बांधीत साप चावला. दवाखान्याचं नाव काढताच ती माझ्यावरच खेकसली, "मले मांत्रिकाकडेच ने!" चरफडत मी ऑटोवाल्याला त्याच्या दारात थांबायला लावलं. पाय पाहून म्हातारा म्हणाला, "बाई, माहा मंतर चालत्या गाडीतच लागू होते. उतरू नको." आणि स्वतःच आत चढला. आमच्या करडी गावापासून भंडाऱ्याच्या दवाखान्यापर्यंत तो पुटपुटत राहिला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावरच थांबला. आई वाचली. श्रेय ती त्यालाच देते, हसणाऱ्यांनी खुशाल हसावं.

यंदा लावणीसाठी धानाचे पऱ्हे उपटताना त्यालाही साप चावला. तोही वाचला. पण त्या दिवशी तो मला एवढंच म्हणाला, "ऑटो आण." मला मंत्र येत नव्हता. भंडाऱ्यापर्यंत मी त्याचा हात धरून बसलो.