शून्य, नाबाद

आमच्या घरात गोष्टी सांगायचं खातं माझ्याकडे आहे. त्यामुळे मी कॉलेजच्या टीममधून खेळायचो, ही गोष्ट हॉलंडमधल्या आमच्या न्यूनेन गावात पसरली यात नवल नाही. खरं म्हणजे मी स्कोअरर होतो. टीमच्या फोटोत आहे मी. कडेला, वही घेऊन.

पहिल्या लॉकडाउनमध्ये ही थाप अंगाशी आली. शेजारच्या ऐंशी ओलांडलेल्या डच बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "बूरमान," म्हणजे शेजारीबुवा, "तुम्ही क्रिकेटवाले. हे वाचता येईल?" सामन्यांच्या स्कोअरची एक जुनी जाड वही कुंपणावर ठेवून त्या दोन पावलं मागे सरकल्या.

त्यांचे वडील शंभरेक वर्षांपूर्वी हॉलंडकडून दोन सामने खेळले होते, काथ्याच्या मॅटवर, पाहुण्या इंग्लिश संघांविरुद्ध. पुढे जन्मभर बँकेत कारकुनी. घरी एवढंच सांगायचे, "देशासाठी खेळलो आणि कधी बाद झालो नाही." बाईंच्या थोरल्या भावाने कुठेतरी वाचलं की त्यांच्या नावावर एकही धाव नाही. तेव्हापासून तो वडिलांना थापाड्या म्हणायचा. आता भाऊ शुश्रूषागृहात होता, तब्येत उतरत चाललेली आणि भेट फक्त काचेतून.

"हेच मनात धरून त्याने जाऊ नये," बाई म्हणाल्या.

"वाचा आता, ओपनिंग बॅट्समन!" बायको म्हणाली.

"बाबा, यू ओन्ली रोट द स्कोअर," मुलीने भर घातली.

"म्हणून तर येतं," मी म्हणालो. माझी खरी कामगिरी पहिल्यांदाच कुणाच्या उपयोगी पडणार होती.

वहीत वडिलांचं नाव सगळ्यात शेवटी, अकराव्या नंबरावर. पुढे: शून्य, नाबाद. भावाचं बरोबरच होतं की! पण फलंदाजाच्या ओळीत न काढलेल्या धावा लिहीत नाहीत. त्या गोलंदाजाच्या रकान्यात ठिपके होऊन बसतात. दोन दिवस ऑफिसच्या मीटिंगा कॅमेरा बंद ठेवून ऐकल्या आणि पेन्सिलीने रकाने जुळवले. शेवटची जोडी आल्यावर पलीकडच्याने फक्त चौकार मारले होते, म्हणजे दोघांची टोकं बदललीच नाहीत. त्यामुळे वडिलांसमोर सगळा वेळ एकच गोलंदाज, सहा षटकं, सगळी निर्धाव. मग वेळ संपली. सामना अनिर्णित.

रविवारी बाईंच्या मागोमाग सायकलवरून शुश्रूषागृहाच्या खिडकीपाशी गेलो. आत व्हीलचेअरवर भाऊ, हातात फोन. माझ्या मोडक्या डचमध्ये मी सगळं समजावलं.

"शून्य ते शून्यच," ते म्हणाले.

"छत्तीस चेंडू खेळले ते. एकावर जरी बाद झाले असते, तर सामना गेला होता."

त्यांनी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"आणि दुसरी मॅच?"

"त्यांची बॅटिंगच आली नाही."

"म्हणजे खरंच कधी बाद झाला नाही तो." त्यांना हसू आलं, मग खोकला. "पान जवळ आण गं."

बाईंनी वही काचेला टेकवली. आतून ते बोटाने ठिपके मोजायला लागले. मध्येच चुकले की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्या षटकाला बाईंच्या हातातली वही काचेवरून खाली सरकायला लागली, तेव्हा मी वहीचा दुसरा कोपरा धरला. दीड मीटर अंतराचा नियम तेवढा मोडला.