शालनला गोरं केलं

शालन गेल्याची बातमी माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मला ती कळली नाही. इगतपुरीला एका लग्नाचे फोटो काढत होते. मंगलाष्टकं सुरू व्हायची होती, तेवढ्यात फोनवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चं चित्र आलं. गुलाबी-पांढऱ्या चेहऱ्याची, गुळगुळीत गालांची कुणी बाई, मागे ढग आणि उगवता सूर्य. असेल कुणीतरी, म्हणून मी अंगठ्याने वर सरकवलं. संध्याकाळी सामान आवरताना खालचं नाव वाचलं... तोवर तिकडे नाशिक रोडला अंत्यसंस्कारही उरकले होते. इतकी वर्षं जिच्या शेजारी बसून काम केलं, तिला मी ओळखलं नाही, कारण तिच्या धाकट्या भावाने, संतोषने, तिला गोरं केलं होतं.

आमचं काम वाटलेलं होतं. फोटो मी काढायचे, संगणकावर ते नीट करायची शालन. मंगल कार्यालयातला उजेड ही एक शिक्षाच असते. ट्यूबलाइट हिरवट, व्हिडिओवाल्याचा दिवा पिवळा आणि डोक्यावर लाल कापडाचा मांडव. वऱ्हाडी एकतर कावीळ झाल्यासारखे दिसतात, नाहीतर दोन घोट घेऊन आल्यासारखे. शालन फोटोत आधी एखादी पांढरी टोपी शोधायची. आमच्याकडच्या लग्नात टोप्यांना काय तोटा! ती टोपी पडद्यावर खरोखर पांढरी करून घेतली की बाकीचे रंग आपोआप जागेवर यायचे. “टोपी ताळ्यावर आली की वऱ्हाड माणसात येतं,” असं म्हणायची. मग उजेडाकडे वळायची. चेहऱ्यावरची सावली जराशी उचलायची, पण पुसायची नाही. सावली पुसली की माणसाचं नाकच जातं, हे तिचं ठरलेलं वाक्य. कातडीच्या रंगाला मात्र ती हात लावत नसे.

आणि लोकांना नेमकं तेच हवं असायचं. एकदा नवऱ्या मुलाची आई अल्बम पाहायला आली आणि शालनच्या खांद्यावरून पडद्याकडे बोट दाखवत म्हणाली, “नवरी जरा उजळ करा ना.” शालनने मान वळवली. “काकू, पसंत करताना पाहिली होती ना?” बाई फणकारून निघून गेल्या. अशी गिऱ्हाइकं आम्ही बरीच घालवली. मी कपाळाला हात लावायचे आणि ती शांतपणे चहा मागवायची.

हे कुठून आलं, ते तिने मला एकदाच सांगितलं. लासलगावजवळच्या गावात लहानाची मोठी झालेली ही मुलगी. लग्नासाठी तिचा फोटो पाठवायचा तर मामाने स्टुडिओतून तो गोरा करून आणला. पाहुणे आले, पोहे खाल्ले. शालन समोर येऊन बसली होती, तरी मुलाची आत्या सगळ्यांदेखत म्हणाली, “आता फोटोतली मुलगी आणा की बाहेर.” घरचे आत्याबाईंवर नाही, शालनवरच चिडले. जणू तिनेच फसवलं होतं! त्यानंतर तिने लग्नासाठी ना फोटो काढू दिला, ना लग्न केलं. आणि त्याच पोरीला सरणावर जाता जाता पुन्हा तोच चुना फासला. तिच्या घराजवळच्या चौकात फ्लेक्स लागला होता. वर पुढाऱ्यांची तोंडं, मध्ये शालन, सगळे एकाच पिठात बुडवून काढल्यासारखे. मी तिथे थांबूसुद्धा शकले नाही.

दहाव्याला तिच्या घरी गेले. तोच फोटो चौकटीत, त्याला हार. तिची आई त्याच्याकडे पाठ करून बसली होती. मला पाहून म्हणाली, “पोरी, ही कोण बाई आणून ठेवली यांनी? माझी शालन नाय ही.” संतोषला मी मूळ फोटो मागितला. तो म्हणाला, “उजळ केलेला त्याच्यावरच सेव्ह झाला, ताई. दुसरा नाहीये.” मग त्याचे डोळे भरून आले. “लोकांनी जन्मभर काळी म्हणून हिणवलं तिला. शेवटचा फोटो तरी चांगला दिसावा, एवढंच वाटलं.” तो खरंच रडत होता, आणि तरी मला त्याची किळस आली. चांगला! कॅमेरा दिसला की शालन उठून जायची, त्यामुळे माझ्याकडेही तिचा एक फोटो नव्हता. म्हणजे तिचा चेहरा आता कुठेच उरला नव्हता. या विचाराने मला त्या घरात धड बसवेना.

पुढच्या आठवड्यात राहिलेला अल्बम छापायला दिला. छपाईच्या लॅबमध्ये नेहमी शालन जायची, मी पहिल्यांदाच गेले. तिथला माणूस पेनड्राइव्ह पाहून म्हणाला, “मॅडमचा फोटो नाही आणला? आधी तो छापतो आम्ही. तो बरोबर उतरला की मग अल्बम. रंग जुळतो का, ते मॅडम आरशात तो स्वतःच्या तोंडाशी धरून बघतात.” त्याला काही माहीतच नव्हतं. ती गेल्याचं मी सांगितलं, तशी खणातून शेवटची प्रत काढून त्याने माझ्यासमोर ठेवली. खिडकीशी बसलेली शालन, कॅमेरा टायमरवर लावून तिने स्वतःच काढलेला असावा. केसांना तेल, तोंडाला पावडर नाही, एका गालावर सावली... आणि रंग अगदी तिचा.

ती प्रत घेऊन तशीच तिच्या घरी गेले. संतोषने फोटो बराच वेळ पाहिला. “छान आहे, ताई,” तो म्हणाला, “फक्त हॉलमध्ये लावायचा तर थोडा ब्राइट...” मी फोटो त्याच्या हातातून काढून घेतला. तेवढ्यात आई आतून आली. तिने तो माझ्याकडून घेतला, पदराने पुसला आणि स्वयंपाकघरात नेऊन डब्यांच्या फळीवर उभा केला.

हॉलमधली चौकट अजून तिथेच आहे. येणारेजाणारे तिला हात जोडतात, संतोष रोज हार बदलतो. परवा मी गेले, तेव्हा आई ओट्याशी होती. चहात साखर टाकता टाकता ती फळीकडे पाहून दटावत होती, “आज तरी वेळेवर जेवशील का गं?”