मध्यम जोमाच्या सिगारवरचे एक राहिलेले मत

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. श्री. वसंतराव यांनी मुंबईतील एका सिगार कंपनीत परीक्षक म्हणून हयात घालवली. निवृत्त होताच ते जव्हारच्या आपल्या घरी परतले. गेल्या वर्षी तापात त्यांचे घ्राण गेले आणि कंपनी घरी पाठवी त्या नमुन्यांचे परीक्षणही त्यांनी थांबवले. यंदा ते पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. मी त्यांची शिष्या. त्यांच्या स्वभावाची स्तुती या गौरव अंकातले इतर लेखक करतीलच. मी कामाविषयी लिहिते, कारण ते समजलेली माणसे थोडी आहेत.

आमची पहिली भेट कंपनीच्या परीक्षण-कक्षात झाली. अन्नशास्त्राची उच्च पदवी घेऊन मी रुजू झाले होते. समोर मध्यम जोमाची, ना जहाल ना सौम्य अशी सिगार होती. मी तत्काळ सांगितले, "देवदार, कोको, चामडे."

"देवदार कुठं हुंगलात?" वसंतरावांनी विचारले.

"पुस्तकात वाचलंय."

"मग पुस्तकच ओढा."

सगळे हसले. मी हसले नाही. शिकायचे ते यांच्याकडेच, एवढे मात्र ठरवले.

त्यांच्या कक्षात तोंडी मत ग्राह्य नसे. आधी बोटांनी चाचपून आतल्या पानांची भरणी तपासायची, न पेटवता एक ओढ घ्यायची, मग पेटवून धूर फक्त तोंडात घोळवायचा. प्रत्येकाने मत लिहून सही करेपर्यंत कोणी बोलायचे नाही. पहिला बोलला की बाकीच्यांच्या जिभा त्याच्यामागे जातात, असे ते म्हणत. जहाल सिगारचे दोष तिच्या ताकदीत लपतात, सौम्य सिगारकडून कोणी फारसे मागत नाही. मध्यम सिगारला लपायला जागा नसते. म्हणून तिच्यावर त्यांचा जीव.

एकदा सर्दीने माझे नाक बंद होते. मोठे गिऱ्हाईक ताटकळत असतानाही वसंतरावांनी बैठक पुढे ढकलली. "ही बरी होईपर्यंत थांबू," एवढेच ते म्हणाले. माझ्यासाठी कोणी असे थांबल्याचे मला दुसरे उदाहरण आठवत नाही.

यंदा मी स्वतः जुळवलेल्या पानांची मध्यम सिगार घेऊन जव्हारला गेले. त्यांच्या पत्नीने, आमच्या काकूंनी, ओटीवरच बजावले, "धूर बाहेर. आणि तिला आधी जेवू द्या!" वसंतरावांनी सिगार बोटांत फिरवली आणि परत ठेवली. "माझं नाक गेलं गं. आता दुसरं कुणी बघ."

थोड्या वेळाने तेच आत वळून ओरडले, "नाचणी करपतेय!"

जवळच्या पोशेऱ्याहून कामाला येणाऱ्या सोनीबाई परसातल्या चुलीवर नाचणी भाजत होत्या. त्या दारात आल्या. "आवो, आजून धूर बी नाय निंगला! तुमाला कसा कलला?"

"नाक गेलंय म्हणे!" काकू म्हणाल्या.

वसंतरावांनी विषय बदलला. मी दोन सिगार मेजावर ठेवून निघाले. तेव्हापासून उत्तर नाही.

कक्ष आता मी सांभाळते; तिथली त्यांची खुर्ची मी कोणाला देत नाही. चांगले परीक्षक मिळतात. पण मतांचे उपडे ठेवलेले कागद उलटण्यापूर्वी त्यांच्याकडे पाहण्याची माझी सवय अजून सुटलेली नाही, आणि तिथे कोणी नसते.

वसंतराव, आपल्याला निरामय शतायुष्य लाभो आणि परसात करपू लागलेली नाचणी ओटीवर बसून ओळखणारे ते नाक अखेरपर्यंत शाबूत राहो. माझी सिगार मी अद्याप बाजारात सोडलेली नाही. आपण माझ्यासाठी थांबला होतात. मी आपल्यासाठी थांबले आहे. एक सिगार पेटवा आणि मत कळवा. वाईट असेल तर वाईट लिहा. मात्र काकूंकरवी निरोप किंवा फोन चालणार नाही. लेखी हवे, सहीसह.