न वाजलेले तीन बार

आर्मास पेल्टोलाच्या घरात रायफल एकच होती, आणि तीही त्याची नव्हे. धाकट्या भावाची, वैनोची. वैनोला जाऊन इतकी वर्षं लोटली होती की तेव्हा पाळण्यात असलेली त्याची मुलगी साइमी आता स्वतः आजी व्हायच्या बेतात होती. तरी दर नोव्हेंबरात, हरणांच्या शिकारीचा हंगाम तोंडावर आला की आर्मास स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी चादर अंथरायचा. रायफल सुटी करायचा, पुसायचा, जोडायचा आणि कपाटात ठेवून कुलूप घालायचा. जंगलात ती पुन्हा गेलीच नाही. शिकार न करणाऱ्याने रायफल इतकी जपावी, याची गावात थट्टा व्हायची. थट्टा करणाऱ्यांचं काय जातं?

गाव अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवराच्या दक्षिण काठावरचं, फिनलंडहून आलेल्या आज्या-पणज्यांनी जंगल तोडून वसवलेलं. तांब्याच्या खाणी मिटल्या तशी लाकडाची गिरणी तेवढी उरली, आणि आर्मासने तिच्यात उभा जन्म काढला. लग्न केलं नाही. बोलणं बेताचं, कॉफी मात्र बेसुमार. तरुणपणी त्याच्या हाताला असा गुण होता की पानगळ सुरू झाली की निम्म्या गावाच्या रायफली साफसफाईला त्याच्याकडे यायच्या. वैनो गेला त्यानंतर त्याने दुसऱ्या कुणाच्या रायफलीला बोट लावलं नाही. दुःखाने असेल, असं लोकांनी ठरवून टाकलं. लोकांचं हे एक बरं असतं, एकदा ठरवून टाकलं की पुढचं विचारावं लागत नाही.

पण आर्मासच्या मागे दुःखापेक्षा वाईट काहीतरी लागलं होतं. तो एक आवाज होता. खट्. लोखंडावर लोखंड पडल्याचा कोरडा, पोकळ आवाज. चुलीचं झाकण थंड होताना यायचा, दाराची कडी पडली की यायचा, कधी काहीच कारण नसताना यायचा. आला की आर्मास हातातलं काम थांबवून दलदलीच्या दिशेला कान देऊन उभा राहायचा. शनिवारी साउनात वाफ घेऊन झाल्यावर तो एक बादली गरम पाणी तसंच ठेवून बाहेर पडायचा, मागून येणाऱ्यासाठी. गेलेल्यांसाठी असं पाणी ठेवायची जुनी रीतच आहे तिथे. पण बाकीचे वर्षातून एकदा ठेवायचे, हा दर शनिवारी.

त्या वर्षी वसंतात साइमीची आई वारली. नोव्हेंबरात साइमी आली ती बूट झटकत सरळ स्वयंपाकघरात. रस्त्यावरचा बर्फ हटवणारी सरकारी गाडी चालवणारी बाई, आवाज गाडीच्या इंजिनावर कमावलेला. टेबलावर चादर अंथरलेली बघून म्हणाली, बरं झालं काढली आहेस, यंदा बाबांची रायफल मी नेणार. आईला आवडायचं नाही म्हणून इतकी वर्षं मागितली नव्हती.

आर्मासने सबबी सांगितल्या. रायफल जुनी झाली आहे, दस्ता सैल आहे, नव्या रायफली काय सुंदर मिळतात हल्ली. साइमीने कॉफी ओतून घेतली, वेलदोड्याच्या पावाचा तुकडा तीत बुडवला आणि हलायचं नाव घेईना. शेवटी तो तिच्यादेखत कामाला लागला. हात रिकामे ठेवून तिच्याशी खोटं बोलणं त्याला जमत नव्हतं.

आधी चापाभोवतीची लिव्हर खाली ओढून त्याने नळीच्या घरात बोट घालून पाहिलं, काडतूस नाही ना. मग काडतुसांची खालची नळी पाहिली. मग पुन्हा तेच. लिव्हर अर्धी उघडी ठेवून तिचा स्क्रू काढला, तो सुट्या भागांसाठी जवळ घेतलेल्या छोट्या केकच्या साच्यातल्या पहिल्या खळग्यात टाकला. लिव्हर निघाली, मागून बोल्ट, काडतूस नळीत कोंडून धरणारा लोखंडी ठोकळा, सरकन हातात आला, पाठोपाठ काडतूस बाहेर फेकणारी पट्टी. जुन्या फ्लॅनेलच्या शर्टाच्या चिंध्या गजाला लावून नळीतून फिरवल्या. पहिलीपासूनच पांढऱ्या निघाल्या, वर्षानुवर्षं न उडालेल्या रायफलीत मळ कुठून येणार? मग त्याने बोल्टच्या बारीक खिळ्या ठोकून आतली पिन बाहेर काढली, घोडा आपटला की काडतुसाच्या बुडावर जाऊन बसते ती. पिन पेट्रोलात धुतली, पुसली, चुलीजवळ धरून वाळवली, पुन्हा धुतली. मग सुताराच्या पेन्सिलीचं शिसं चाकूने खरवडून त्याची पूड पिनेला चोळली.

साइमी म्हणाली, "अरे काका, तेल कुठाय? सगळं जग तेल लावतं, तू पेन्सिल घासत बसलायस."

आर्मासचे हात थांबले. मग तो उठला आणि कपाटातून तंबाखूचा डबा आणून तिच्यापुढे ठेवला. आत काडतुसं होती, न उडालेली. प्रत्येकाच्या बुडाला मधोमध एक हलकासा खळगा होता, नखाने दाबल्यासारखा.

"ही तुझ्या बापाजवळ बर्फात सापडली," तो म्हणाला. "तेल मी लावलं होतं."

मग त्याने सगळं सांगितलं, पिनेकडे बघत. आदल्या वर्षी दलदलीत वैनोच्या बोल्टला गंज धरला होता आणि सगळ्यांसमोर वैनोने त्याची टर उडवली होती, एवढा मोठा कारागीर आणि सख्ख्या भावाची रायफल गंजते. म्हणून पुढच्या हंगामाला आर्मासने गिरणीतलं घट्ट तेल आणून बोल्टच्या आत भरभरून घातलं. मायेने घातलं, आणि जरा जिरवायला म्हणूनही. हंगामात अचानक गारठा उतरला, वादळ आलं, वैनो वाट चुकला. या मुलखात हरवलेला माणूस तीन बार काढतो, आणि ऐकणारा हातातला घास टाकून धावतो. त्या संध्याकाळी शिकाऱ्यांच्या झोपडीत सगळे कान देऊन बसले होते. बार आले नाहीत. बार नाहीत त्या अर्थी तो कुठल्यातरी झोपडीत पत्ते खेळत बसला असणार, असं म्हणून त्यांनी दिवा मालवला. रायफल परत आल्यावर आर्मासने ती थंडगार लाकूडघरातच उघडली. पिनेभोवती तेल मेणासारखं थिजलं होतं, काडतुसावर जोराने आपटायला तिला वावच नव्हता.

"तो चाप ओढत राहिला असेल," आर्मास म्हणाला, "आणि ती नुसती खट् खट् करत राहिली. आईला तुझ्या मी सांगितलं नाही. ती दर नाताळला मला पाव पाठवायची."

साइमीने कॉफीचा कप दूर सारला. तिचा चेहरा लाल झाला होता. मग ती म्हणाली, "आई मेल्यावर सांगतोयस. ती विचारून विचारून गेली रे, बार का नाही काढले बाबांनी म्हणून. तिला वाटायचं त्यांना घरी यायचंच नव्हतं."

आर्मासला हे ठाऊक नव्हतं. आपल्या गप्प बसण्याने आणखी एका माणसाचा जन्म पोखरला, हे त्याला त्या टेबलाशी बसून कळलं. त्याला रडू आलं आणि त्याने ते लपवलं नाही. साइमी उठून खिडकीशी गेली, परत आली, खुर्ची ओढून बसली. क्षमा वगैरे शब्द तिने काढला नाही. साच्यातला स्क्रू उचलून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाली, जोड ती.

त्याने जोडली. बोल्ट आत, पट्टी जागेवर, लिव्हर, स्क्रू. साइमीने रायफल उचलली आणि बाहेरच्या ओसरीत नेऊन टेकवली. थंडीत वापरायची रायफल उबेला ठेवत नाहीत, तिला घाम फुटतो आणि तोच घाम पुढे गोठतो. आणि आर्मासकडे न बघता तिने विचारलं, "वाजेल का?"

"माहीत नाही," आर्मास म्हणाला. दरसाल धुतली होती, पण चाप ओढायचा धीर त्याला कधी झाला नव्हता.

सकाळी उजाडताना गारठा असा होता की श्वास मिशीवर गोठत होता. हंगाम उघडायला अजून एक दिवस होता, त्यामुळे जंगल अगदी शांत होतं. साउनामागे वाळूचा उंचवटा आहे, तिकडे तोंड करून साइमी उभी राहिली. आर्मास ओसरीच्या पायरीवर बसला. तिने लिव्हर ओढली, घोडा चढला. आर्मासने डोळे मिटले आणि त्या खट्ची वाट बघितली.

बार झाला. फांद्यांवरचा बर्फ खाली सांडला. लिव्हर फिरली, दुसरा बार झाला. साइमी थांबली, तिने बाहीने नाक पुसलं, आणि तिसरा काढला. आवाज दलदलीवरून पार पलीकडे गेला. आर्मास कान देऊन बसला होता, आणि त्यानंतर तो खट् आवाज आला नाही.

मग आल्या त्या गाड्या. तीन बार म्हणजे काय हे दोघांच्याही डोक्यातून साफ गेलं होतं, पण गावाच्या कसं जाईल? रस्त्याला एकामागून एक दिवे लागले, कुत्री भुंकली. पहिला उतरला शेजारचा म्हातारा टाउनो, रात्रीच्या पायजम्यावर कोट, हातात दोर आणि कंदील. त्या संध्याकाळी शिकाऱ्यांच्या झोपडीतला दिवा यानेच मालवला होता. मागून आणखी चौघेपाच जण, कुणी थर्मास घेऊन, कुणी घोंगडी घेऊन.

"कोण हरवलंय?" टाउनोने धापा टाकत विचारलं.

साइमी काहीतरी सारवासारव करायला निघाली होती. आर्मासने तिला हाताने थांबवलं.

"वैनो," तो म्हणाला.

टाउनो साइमीकडे बघत राहिला, मग तिच्या हातातल्या रायफलीकडे. ती त्याने ओळखली. त्याने टोपी काढली, एवढ्या गारठ्यात, आणि आर्मासशेजारी पायरीवर बसला. कंदील विझवला नाही, दोघांच्या मध्ये ठेवला.

"ऐकू आलं रे," तो म्हणाला. "आलो बघ आम्ही."