तिसरी हाक

मावशींना हाक मारली की त्या ओ द्यायच्या नाहीत. दुसऱ्यांदा मारली तरी नाहीत. अगदी समोर भाकऱ्या थापत बसलेल्या असल्या तरी नाहीत. तिसऱ्या हाकेला मात्र शांतपणे म्हणायच्या, "ओ. काय वो, बाई?" अशी हट्टी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील.

लोणावळ्याला कड्याजवळच्या माळावर आमचं ख्रिस्ती शिबिर भरे. आधी नुसते तंबू, मग प्रार्थनेला पत्र्याची शेड, मग दगडी बंगला. स्वयंपाकाला कुसगावच्या मावशी मात्र त्याच. मी पुण्याहून मिशनच्या शाळेतल्या मुली घेऊन जायची. त्या कड्याची मला पहिल्यापासून धास्ती होती.

"धुक्यात चकवा हाका मारतो," मावशी मुलींना सांगत. "वळखीच्या आवाजात. पर दोनदाच. तिसरी त्येला येत न्हाई."

पोरींच्या डोक्यात हे काय भरवता, म्हणून मी चिडायची. एकदा पाद्रीबाबांच्या प्रवचनात देव एका लेकराला पुन्हा पुन्हा हाक मारतो, अशी गोष्ट आली. मावशी दाराआडून ऐकत होत्या. "बगा, तुमचा देव बी एका हाकेवर थांबत न्हाई." कपाळ माझं!

त्याच वर्षी भाद्रपदात माझ्या मुलींतली सुशी हरवली. सकाळची प्रार्थना सुटली आणि धुकं असं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसेना. बाकीच्या मुली बंगल्यात आल्या, ती आली नाही. मी कड्याकडे धावले.

"सुशी!"

काही नाही.

"अगं सुशे!"

खाली दरीत पाणी पडत होतं, तेवढाच आवाज. तिच्या आईला काय तोंड दाखवू, एवढंच डोक्यात. मावशींनी मागून माझा दंड धरला. "बाई, अजून एक मारा." मी तिसऱ्यांदा ओरडले.

"ओ, बाई."

पोरगी हाकेच्या अंतरावर, कड्याच्या टोकाशी दगड धरून बसली होती. आधीच्या दोन्ही हाका तिनं ऐकल्या होत्या. चकवा असेल म्हणून गप्प राहिली. मी तिला रागावले, आणि पोटाशी धरून रडले.

पुढं एका वर्षी मावशी शिबिराला आल्या नाहीत. अंथरूण धरलंय असं कळलं, म्हणून कुसगावला गेले. सून पाण्याला निघाली होती. "जावा आत, पडल्यात," म्हणाली. मावशी भिंतीकडे तोंड करून निजल्या होत्या. दारातून धुकं आत येत होतं.

"मावशी."

हालचाल नाही. मला नवल वाटलं नाही.

"अहो मावशी."

गोधडी हलत नव्हती. मग मात्र भीती वाटली, कड्यावर वाटली होती त्याहून जास्त. तिसरी हाक मारायची माझी छाती होईना.

सून हंडा घेऊन परत आली. "जाग्या झाल्या का वो, बाई?"

"दोनदाच हाक मारलीय," मी म्हणाले.